एक्सेलमधली पत्रिका

गेल्या शनिवारी आमच्या हापिसात ट्रेनिंग होतं. होय, शनिवारी. (शनिवारी ट्रेनिंग ठेवायचा निर्णय ज्याने घेतला त्याच्या मेंदूवर एक वेगळा लेख लिहायला हवा.) विषय होता 'इफेक्टिव्ह डिसिजन मेकिंग'. ट्रेनर साहेब टायबिय लावून आलेले, हातात लेझर पॉइंटर, आणि पहिल्याच स्लाइडवर मेंदूचं ते जगप्रसिद्ध चित्र. डावा अर्धा भाग निळा, त्यात आकडे आणि दातेरी चाकं. उजवा अर्धा रंगीबेरंगी, त्यात फुलं, ब्रश आणि सतार. खाली ठळक अक्षरात एकच वाक्य: निर्णय घेताना भावना दाराबाहेर ठेवा.

आम्ही चाळीसेक जण माना डोलवत बसलो. मीसुद्धा. समोसे यायचे होते.

जेवणानंतर साहेबांनी 'डिसिजन मॅट्रिक्स' शिकवली. आयटीतल्या मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. एक्सेल उघडायचं, पर्याय खाली एकेका ओळीत मांडायचे, निकष वर एकेका रकान्यात. प्रत्येक निकषाला वजन द्यायचं, प्रत्येक पर्यायाला मार्क द्यायचे, गुणाकार, बेरीज, आणि सगळ्यात मोठी बेरीज ज्याची तो पर्याय आपला. "ट्रस्ट द नंबर्स," साहेब म्हणाले, "नंबर्सना भावना नसतात."

इथे माझं डोकं सटकलं. नंबर्सना भावना नसतात हे खरंच आहे, पण ते भरणाऱ्याला असतात. २०२३ साली असे नंबर मी स्वतःच्या हाताने भरलेत आणि त्यात एका पोराची नोकरी गेलीये. ते पुढे सांगतोच. आधी साहेबांच्या त्या चित्राचा समाचार घेऊ.

डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा, आणि माणसं एकतर डावी नाहीतर उजवी, ही गोष्ट आता खरं तर भंगारात निघायला हवी. २०१३ साली अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या लोकांनी हजाराहून जास्त माणसांचे मेंदूचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त होतात (भाषा बहुतेकांत डावीकडे), पण एखाद्या माणसाचा अख्खा डावा मेंदूच जोरात चालतो असं काही त्यांना दिसलं नाही. संपला विषय. तरी हे चित्र दरवर्षी नव्या टेम्प्लेटमध्ये आमच्यापुढे येतं.

पण भावना दाराबाहेर ठेवा, हा प्रकार जास्त घातक आहे. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आपल्या आज्याही सांगायच्या की रागाच्या भरात निर्णय घेऊ नये, आणि त्यात काही चूक नाही. पण रागाच्या भरात निर्णय न घेणं वेगळं आणि भावनाच नसताना निर्णय घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची माणसं जगात खरोखर होऊन गेली आहेत. त्यांचं काय झालं ते साहेबांनी वाचलेलं नसावं.

अँटोनियो दमासिओ नावाचे न्यूरॉलॉजिस्ट आयोवा विद्यापीठात होते, तेव्हा त्यांच्याकडे एक रुग्ण आला. १९९४ सालच्या त्यांच्या पुस्तकात त्याला 'एलियट' असं नाव दिलंय. तिशीतला माणूस, चांगली नोकरी, बायकापोरं. कपाळामागे मेंदूच्या आवरणात गाठ झाली, लहानशा संत्र्याएवढी. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, तिच्याबरोबर पुढच्या मेंदूचा खराब झालेला थोडा भागही काढावा लागला. माणूस ठणठणीत बरा होऊन घरी गेला. आयक्यू उत्तम, स्मरणशक्ती उत्तम, बोलणं व्यवस्थित, गणित व्यवस्थित. कुठल्याही चाचणीत काही खोट निघेना.

पण कामावर गेला की कागदपत्रांची वर्गवारी करायला बसायचा आणि अख्खी दुपार यातच जायची की कागद तारखेनुसार लावावेत की आकारानुसार की विषयानुसार. नोकरी गेली. मग नको त्या माणसाबरोबर धंद्यात पडला आणि दिवाळं काढलं. बायकोने सोडलं. दुसरं लग्न केलं, तेही मोडलं. आणि हे सगळं तो दमासिओंना शांतपणे सांगायचा, जणू दुसऱ्या कुणाची हकीकत. जळती घरं, पुरात बुडणारी माणसं अशी चित्रं दाखवली तर तो म्हणे, पूर्वी हे बघून काहीतरी व्हायचं, आता होत नाही.

आता गंमत बघा. अमुक अडचणीत काय काय करता येईल असं विचारलं की एलियट पर्यायांची यादी करायचा. प्रत्येकाचे परिणामही सांगायचा. आमच्या ट्रेनर साहेबांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. आणि मग स्वतःच म्हणायचा की एवढं सगळं होऊनही नेमकं काय करायचं ते मला कळणार नाहीच.

त्याच जागी इजा झालेल्या आणखी एका रुग्णाला दमासिओंनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या. तो डायरी काढून बसला. या दिवशी हे काम, त्या दिवशी ते काम, हवा कशी असेल, इतर भेटी किती जवळ आहेत... जवळजवळ अर्धा तास. शेवटी दमासिओंनीच सांगितलं, दुसऱ्या तारखेला या. तो म्हणाला, ठीक आहे. डायरी मिटली आणि गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्या माणसाचा अल्गोरिदम शाबूत होता, फक्त कंपॅरेटर दर वेळी शून्य परत करत होता. हाही तेवढाच, तोही तेवढाच. असा सॉर्ट चालवून बघा, एरर येत नाही. फक्त कुठलीच गोष्ट कुठल्याच गोष्टीच्या वर जात नाही. हे बरं आणि ते वाईट, हे सांगायचं काम मेंदूत जे खातं करतं त्यालाच आपण भावना म्हणतो. ते बंद पडलं की स्वच्छ तर्क उरत नाही, अर्धा तास डायरी चाळणारा माणूस उरतो.

(याच गटाचा पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात म्हणे माणसाला कळायच्या आधी तळहाताला घाम येतो की ही गड्डी वाईट. त्याचं मी फार कौतुक करणार नाही. २००४ साली माइया आणि मॅक्लेलंड यांनी खेळणाऱ्यांना नीट खोदून विचारलं, तर त्यांना बरंच काही आधीच कळलेलं होतं असं निघालं. एलियटच्या हकीकतीला त्याने बाधा येत नाही, पण आपल्या बाजूचा पुरावा आहे म्हणून जास्त ताणू नये.)

बरं मग तर्क, कारणं, मुद्दे, हे सगळं काय करतं? बऱ्याचदा ते नंतर येतं. वरातीमागून घोडं म्हणतात तसं.

अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये पूर्वी मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा मज्जातंतूंचा जुडगा कापत असत. मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी अशा एका मुलावर केलेला प्रयोग १९७८ साली छापून आला. त्याच्या डाव्या मेंदूलाच दिसेल असं एक चित्र दाखवलं, कोंबडीचा पंजा. उजव्यालाच दिसेल असं दुसरं, बर्फात गाडलेलं घर. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवड म्हटल्यावर उजव्या हाताने कोंबडी दाखवली आणि डाव्या हाताने फावडं. दोन्ही बरोबर, बर्फ काढायला फावडं लागतंच. मग विचारलं, फावडं का? आता उत्तर देणारा डावा मेंदू, कारण बोलतो तो. त्याने बर्फ पाहिलेलाच नाही. पण 'माहीत नाही' म्हणेल तर शपथ! म्हणाला, सोपं आहे, कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतं.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, त्याचा मेंदू कापलेला होता, आमचा अखंड आहे. ठीक. १९७७ सालच्या निस्बेट आणि विल्सन यांच्या लेखात दुकानातल्या गिऱ्हाइकांची गोष्ट आहे. टेबलावर नायलॉन स्टॉकिंगचे चार जोड, सांगा कुठला चांगला. लोकांनी सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट वेळा निवडला. का, तर म्हणे वीण चांगली, पोत चांगला. चारही जोड तंतोतंत एकसारखे होते. मांडणीमुळे निवडलंत का असं विचारल्यावर लोकांनी विचारणाऱ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा २००५ सालचा प्रयोग तर आणखी भारी. दोन चेहऱ्यांचे फोटो, आवडेल तो निवडा, आणि हातचलाखीने तुमच्या हातात न निवडलेला फोटो दिला जातो. बहुतेक वेळा लोकांच्या ते लक्षातच आलं नाही. उलट त्यांनी कारणं दिली. एकाने सांगितलं की मला कानातले आवडतात. त्याने खरोखर निवडलेल्या बाईच्या कानात काहीच नव्हतं!

हे वाचलं तेव्हा मला लुंड वगैरे काही आठवलं नाही. आमची आत्या आठवली.

आत्याने आख्ख्या भावकीतली लग्नं जमवली. तिचं एक तंत्र होतं. मुलगा बघून झाला, कांदेपोहे झाले, आणि मंडळींना पसंत पडला नाही, तर काय सांगायचं? तर पत्रिका जुळत नाही. "कुणाला वाईट वाटत नाही आणि कुणी वाद घालत नाही," असं तिचं म्हणणं. एका चुलत बहिणीच्या वेळी तर पत्रिका आधीच बघून झालेली, छत्तीसपैकी चोवीस गुण. पण मुलाने बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि काकांच्या कपाळाला आठी पडली. मग दुसरे गुरुजी गाठले. त्यांनी मंगळ काढून दिला. आठी आधी, मंगळ नंतर. काका मरेपर्यंत शपथेवर सांगत की आम्ही मंगळामुळे नाही म्हटलं, आणि मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

आम्ही शिकलीसवरलेली पोरं या सगळ्याला हसायचो. आता माझी पत्रिका ऐका.

२०२३ साली मी नऊ जणांच्या टीमचा लीड होतो. वरून निरोप आला की दोन नावं द्या, शुक्रवारपर्यंत. सोबत एक्सेल शीट. सहा निकष, वजनं आपापल्या प्रोजेक्टप्रमाणे बदलायची मुभा. एक नाव उघडच होतं, तो माणूस स्वतःच दुसरीकडे चालला होता. प्रश्न दुसऱ्या नावाचा.

मी प्रामाणिकपणे भरलं. म्हणजे पहिल्यांदा. बेरीज आली आणि आठव्या नंबरावर आला माझा टपरीवरचा मित्र. रोज चारला आम्ही दोघं खाली चहाला जायचो. त्याच्या मुलीच्या बारशाला मी जेवून आलेलो. आणि चौथ्या नंबरावर मराठवाड्यातून आलेला एक मुलगा, दोन वर्षं टीममध्ये, कॉलवर सहसा गप्प, इंग्रजी बोलताना अडखळायचा, खाली चहाला कधी यायचा नाही.

शीट बघून मला वाटलं, हे काहीतरी चुकतंय. शब्द लक्षात घ्या, 'वाटलं'. मग मी विचार केला (याला मी तेव्हा विचार म्हणत होतो) की आपला क्लायंट परदेशातला, तेव्हा कम्युनिकेशनला फक्त दहा टक्के वजन हे वास्तवाला धरून नाही. ते वीस केलं. कोड क्वालिटीचे तीस होते, त्याचे वीस केले. ओनरशिपमध्ये मित्राला अर्धा मार्क वाढवला, कारण एकदा रविवारी त्याने फोन उचलला होता. तो मुलगा चौथ्यावरून आठव्यावर गेला. आणि मला हायसं वाटलं. आता शीट बरोबर आहे असं वाटलं!

दोन संध्याकाळी लागल्या. एकदाही मनात असं आलं नाही की मी मित्राला वाचवतोय. मनात होतं की मी निकष सुधारतोय. वर पाठवलं, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना पाठवलं, आणि पुढच्या मंगळवारी त्या मुलाला मीटिंग रूममध्ये बोलावलं. मीही होतो. त्याने फक्त विचारलं, "सर, नेमका कशात कमी पडलो?" मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हणालो, "कम्युनिकेशनमध्ये अडीच आहेत बघ." म्हणजे पत्रिका जुळत नाही.

तर ट्रेनर साहेब, भावना दाराबाहेर ठेवा म्हणता ना, तेव्हा नेमकं हे होतं. भावना बाहेर जात नाही. ती सूट घालून, एक्सेलचा रकाना होऊन आत येते आणि मग तिला कुणी ओळखत नाही. 'हा मला आवडतो' असं मी वरच्यांना सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की का. एकवीस टक्के, तेवीस टक्के असं सांगितल्यावर कुणी काही विचारत नाही.

मॅट्रिक्स मुळातच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. डॅनियल काहनेमन १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात एकवीस वर्षांचे लेफ्टनंट होते. भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी मुलाखतकारांना सांगितलं की सहा गुण एकेक करून तपासा, प्रत्येकाला तिथल्या तिथे मार्क द्या, पोरगा एकंदर कसा वाटतो याचा विचारच करू नका. मुलाखतकार चिडले, म्हणे तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय. मग काहनेमननी तोड काढली. सगळे मार्क देऊन झाले की डोळे मिटा आणि हा सैनिक म्हणून कसा निघेल याचा मनातून येईल तो आकडा लिहा. पुढे पडताळून पाहिलं तर सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच चांगली निघाली. आणि तो डोळे मिटून लिहिलेला आकडाही बेरजेइतकाच चांगला! भावना हाकललेली नव्हती, तिला रांगेत शेवटी उभं केलं होतं, आणि तिच्यासाठी वेगळा रकाना होता, त्यावर तिचंच नाव होतं. आमच्या शीटमध्ये तो रकाना नाही. वजनं मात्र निकाल बघून बदलता येतात.

या चर्चेत एक दुसरी जमात हमखास भेटते. तिचंही ऐकून घेऊ. चहाच्या वेळी मी हे सगळं एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, मग तुझा काय दोष? मेंदूच आधी ठरवतो, आपल्याला नंतर कळतं. लिबेटचा प्रयोग आहे." आहे खरा. बेंजामिन लिबेट, १९८३. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं कधी वाटलं ते घड्याळात बघून सांगा. तसं वाटायच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधीच मेंदूतली विद्युत हालचाल सुरू झालेली दिसली. त्यावर जगभर लोकांनी इच्छास्वातंत्र्याचं तेरावं घातलं. २०१२ साली शुर्गर आणि मंडळींनी दाखवलं की मेंदूत कायम चाललेल्या चढउतारांची तुम्ही हालचालीच्या क्षणापासून उलटी सरासरी काढलीत तर असाच चढ दिसेल, तो निर्णय असायचं कारण नाही. पण ते सोडा. मनगट आत्ता हलवू की अर्ध्या सेकंदाने, याने कुणाचं काय बिघडतं? माझ्या शीटला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. तृतीयांश सेकंदाच्या मागे लपायला तेवढी जागा नाही.

आणि 'भुकेले न्यायाधीश' तर साहेबांनी सांगितलेच. २०११ सालचा इस्रायलमधला अभ्यास, जेवणाच्या सुट्टीनंतर सुमारे पासष्ट टक्के कैद्यांना पॅरोल, सुट्टी जवळ येता येता जवळजवळ शून्य. तात्पर्य काय, तर मोठे निर्णय जेवून घ्यावेत. त्याच वर्षी त्याला उत्तर छापून आलं होतं की प्रकरणांचा क्रम आपोआप लागलेला नव्हता, वकील नसलेले कैदी बहुधा सुट्टीच्या आधी शेवटी येत. वकील नसला की पॅरोल मिळणं अवघडच. ते उत्तर स्लाइडवर नव्हतं. मला यात राग कशाचा येतो सांगू? वकील नसलेला माणूस रांगेत शेवटी उभा होता, ही त्यातली खरी बातमी. आणि आपण त्यातून शिकलो काय, तर साहेबांनी जेवून घ्यावं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हात वर केला. विचारलं, सर, या मॅट्रिक्सची वजनं निकाल बघितल्यावर बदलली तर? ते हसून म्हणाले, "दॅट्स व्हाय यू नीड डिसिप्लिन." मी म्हटलं, वजनं आधी सही करून कुणाकडे तरी ठेवावीत, आणि शेवटी एक रकाना असावा, 'मला स्वतःला काय वाटतं', खाली नाव आणि सही. मागून कुणीतरी हसलं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या की तसं लिहून ठेवणं लीगलला चालणार नाही. यापेक्षा स्पष्ट उत्तर मला नको होतं. शेवटी फीडबॅक फॉर्म आला, पाचपैकी मार्क द्या. मी दिले. कसे दिले ते विचारू नका. :)

टपरीवरचा मित्र गेल्या वर्षी चाळीस टक्के वाढ घेऊन दुसरीकडे गेला. मजेत आहे. त्या मुलाचं काय झालं ते मी बरेच दिवस बघितलं नाही. नंतर लिंक्डइनवर दिसला, सात महिन्यांनी कुठेतरी लागला होता. रिक्वेस्ट पाठवायला बोट गेलं होतं. पाठवली नाही.

मागच्या महिन्यात रात्री दोनला प्रॉडक्शनवर एक जॉब अडकला. शोधत शोधत एका फाइलपाशी आलो, एक टाइमआउट तीस सेकंदांचा होता आणि तो का, ते कळेना. गिट ब्लेम मारलं तर त्याच मुलाचं नाव. वर त्याची कॉमेंट, मोडक्या इंग्रजीत. मराठीत सांगायची तर अशी: वीस ठेवून बघितलं, दोनदा पडलं. नक्की कारण मला सापडलेलं नाही. तीस हा अंदाज आहे. कारण सापडलं तर बदला.

त्या कॉमेंटमुळे मला कारण चाळीस मिनिटांत सापडलं. कम्युनिकेशनमध्ये अडीच.